इल्कायची आरसा-फणी

नेबाहतताईस,

आईचे गुडघे कसे आहेत? मी इथे क्युताह्यात बरी आहे. फरश्या भाजायच्या भट्टीजवळ काम असल्याने थंडी लागत नाही.

तुझं पत्र मिळालं. “माझ्या इल्कायच्या लग्नाच्या भेटींच्या बोचक्यासाठी आरसा-फणी तूच रंगव,” असं लिहिताना तुला काहीच आठवलं नाही? माझा साखरपुडा झाला तेव्हा रेजेपच्या घरून माझ्यासाठीही आरसा-फणी आली होती. मी इथे कामाला आले आणि महिन्याभरात तू ती उचलून त्याच्या घरात शिरलीस.

तरी रंगवायला बसले. आरशामागे बसवायच्या फरशीवर ट्युलिपची निळी फुलं काढली, पण ती भट्टीत तडकली. आमच्या कारखान्यातल्या हाजेरबाई म्हणाल्या, “मनात विष ठेवून रंगवलंस तर तडकणारच, पोरी.” दुसरी फरशी इल्कायचा चेहरा आठवत रंगवली. ती टिकली.

तू या आरसा-फणीला हात लावू नकोस. लग्नात मीच इल्कायच्या हातात देईन. तेव्हा “आलीस का गं” म्हणत मिठी मारायला येऊ नकोस. चारचौघांत ढकलून देईन, आणि पोरीच्या लग्नाचा विचका होईल.

तुझी कुणीच नाही,
इल्कायची मावशी,
मेलाहत