आबांच्या पगाराचे पेढे

बुधवार, दिवे लागल्यावर

लिवण्यात चुका झाल्या तर माफ कर बाई रोजनिशी. मोबाईलवर एकेक अक्षर शोधायला लई येळ लागतोय.

आज आबा कंपनीतनं पेढे घेऊन आले. म्हणाले, "एवढी मंदी हाय, तरी पगार वाढला!" आईनं पैला पेढा बुद्धांच्या फोटोपुढं ठेवला आन मला शेजारी नामाकाकांकडं पाठवलं. काका आबांच्याच कंपनीत हायेत. पेढा हातात धरून ते तसेच माझ्यामागं घरी आले.

"आरं येड्या, पगार कुठं वाढलाय? आपल्याला ठेकेदाराकडं ढकललंय. पीएफ कापायचा बंद केला, म्हणून हातात जास्त दिसतंय. कंपनी तिचा वाटा भरायची, त्यो बी गेला."

आबा म्हणाले, "साहेब म्हणाला, सही कर. म्या खुशीनं केली."

"म्या बी केली. न्हाई केली तर उद्यापासनं घरी बस म्हणाला."

आबा नेहमी म्हणायचे, पीएफ हाय, म्हातारपणी पोरीच्या जिवावर जगायची येळ न्हाई यायची. आता यील का? शाळा सोडलेल्या माझ्या जिवावर ते कसे जगतील? "आबा, मी हाय ना," एवढंच म्हणायचं होतं. आबा बघत होते म्हणून पेढा तेवढा खाल्ला. गोड लागलाच न्हाई.

आत्ताच फोन आला, पासली गावच्या मावशीला मुलगी झाली. सगळ्यात आधी आबाच हसले.