हळदीच्या अंगठ्याची वही

काशीद, रविवार

प्रिय प्राची,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर मला नीट बोलता येत नाही. तू "बोला अण्णा" म्हणतेस, मागून ऑफिसातले आवाज येतात, आणि मी "जेवलीस का" एवढंच विचारून ठेवून देतो. कागदावर माझी जीभ सुटते, ही शाळेतली जुनी खोड. सुजितच्या मृणालची हळद मार्गशीर्षात आहे. सुजितने पत्रिका पाठवली, आणि "जमणार नाही" हे तू कळवलंस ते मला, त्याला नाही. आईच्या गाण्यांच्या वहीवरून तुम्ही बहीणभाऊ पाच वर्षं एकमेकांशी बोललेला नाहीत.

आज ओटीवर बसलो होतो. चौथीच्या पुस्तकातली समुद्राची कविता म्हणायला घेतली आणि दुसऱ्या कडव्यापाशी अडलो. चाळीस वर्षं शिकवलेली कविता. अडलो तसा तुझा तो दिवस आठवला. मी विचारलं होतं, पोरी, तू नेमकं करतेस तरी काय? तू म्हणालीस, "लोक आमच्याकडे सारखं काहीतरी शोधत असतात, अण्णा. माहितीचा तो सगळा साठा एका मशीनवर मावत नाही. त्याचे तुकडे करून पुष्कळ मशीनांवर वाटायचे. कुठला तुकडा कुठे राहील, ते मी ठरवते." आणि पहिला नियम सांगितलास : तुकडा आणि त्याची नक्कल कधी एका मशीनवर ठेवायची नाही. ते बंद पडलं की दोन्ही गेले. मला तो नियम इतका आवडला की मी दिवसभर कवितेसारखा घोळवत होतो.

आई चुलीपासून म्हणाली, "यात शिकायचं काय हाय? आगोटीचे सुके बोंबील मी कदी एका घरात ठेवलेत?" खरंच होतं. पावसाळ्याची बेगमी अर्धी आपल्या माळ्यावर, अर्धी तिच्या माहेरी रेवसला. एका घरात ओल धरली तरी दुसऱ्या घरावर पावसाळा निघायचा. तू हसून म्हणालीस, आई, तुला आमच्याकडे नोकरी पक्की. ती म्हणाली, पगार काय देशील ते आधी बोल.

आणखी एक सांगितलं होतंस. जुनं मशीन काढायचं झालं तर एकदम बंद करत नाहीत. त्याच्यावर नवीन काही ठेवायचं थांबवतात, आहे ते हळूहळू दुसऱ्यांकडे हलवतात, आणि ते रिकामं झालं की मगच बंद करतात. हे ऐकताना मी उगाच समुद्राकडे बघत बसलो होतो.

तिची लग्नातली गाणी मी दोनदा उतरवली, हे तुला ठाऊक आहे. पहिली वही कच्ची. ती गाईल तसं लिहिलेलं, "थांबा मास्तर, चुकलं" म्हणून खोडलेलं. दुसरी पक्की. एकेक गाणं मी वाचून दाखवायचो, आणि ती कुणाच्या हळदीहून आलेली असली की पिवळा अंगठा पानावर दाबायची. "हां, आता बराबर हाय." तिला सही येत नव्हती. ती गेल्यावर तू बजावलंस, एक वही इथे ठेवा, एक तळा गावी सुजितकडे. दिवाळीत येऊन फोटो काढते म्हणालीस, सुट्टी मिळाली नाही. पुढे मार्चपासून टाळेबंदीत येणं-जाणंच बंद झालं. मी तुला फोनवर सांगितलं, वही गेली हो तळ्याला.

गेली नव्हती, प्राची. पिशवीत घालून मी एसटीच्या थांब्यापर्यंत गेलो होतो. कच्च्या वहीत तिचा आवाज होता, पक्कीत तिचा अंगठा. कुठली देऊ? गाडी आली, गेली, मी परत आलो आणि दोन्ही वह्या एका पेटीत ठेवल्या. जूनच्या वादळात कौलं उडाली, पेटीत पाणी भरलं. शाईच्या पेनाने लिहिलेलं सगळं, निळं पाणी झालं. सुजित ताडपत्री घेऊन आला, त्यानेच पेटी उघडली. दोन पुठ्ठे एकमेकांना चिकटलेले त्याने पाहिले. तेवढ्यात त्याला तुझा फोन आला : तुझ्याकडची वही तरी नीट आहे ना? त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "ताई, घर बदलताना गहाळ झाली माझ्याकडून." तू त्याला म्हणालीस, तुझ्यामुळे आई दुसऱ्यांदा गेली. मी शेजारी उभा होतो. मी काही बोललो नाही. त्यानंतर एकदाही त्याने मला त्याबद्दल विचारलं नाही, आणि तेच मला सोसवत नाही. परवा मृणालसाठी आम्ही दोघे हळदीचं पहिलं गाणं आठवत बसलो होतो. दोन ओळी माझ्याकडे निघाल्या. त्याही उद्या असतील असं नाही. डॉक्टरांनी माझ्या विसरण्याला नाव दिलंय, ते मी अजून सुजितलाही सांगितलेलं नाही. तिसरी ओळ सुजितला येत होती. मग तो म्हणाला, "चौथी ताईला येते." माझ्यावर राग धर, तो माझा आहे. पण हळदीला ये, आणि माझ्याकडे जे उरलंय ते घेऊन जा.

तुझाच,
अण्णा