पाणी घालायला दिलेली चावी

सांगली, ९ जून २०२५

ती. दादास,
रेश्माचा शि. सा. न. वि. वि.

म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. पण मधली भिंत पत्र्याची हाय, पलीकडं घरमालक. मी बोलाय लागले की त्यांचा टीव्ही बारीक व्हतो. लय भ्या वाटतंय दादा.

हे गोदामात हळदीच्या थप्पीवरनं पडले, तवा मी मिरजेच्या दवाखान्यात पळाले. जाताना तुळशीला पाणी घालायला म्हणून चावी मालकाच्या आईकडं, आक्काताईंकडं दिली. गावाला जाताना सगळेच देतात तशी. कपडे न्यायला परत आले तर मालक, त्यांचा भरतेश, दारात उभा. म्हणाला, चावी हातात दिलीस म्हंजे खोली सोडलीस, मला जागा विकायची हाय, सामान उचल. तो गेल्यावर आक्काताईंनी गुपचूप दार उघडून दिलं, म्हणून आत तरी हाय.

आता बाहेर पडता येत न्हाई. त्याची माणसं समोरच्या कट्ट्यावर बसून असतात. नळावर गेले तरी मागं बघत जाते. येत्या सोमवारी ह्यांच्या कमरेचं ऑपरेशन, सही माझी लागते. गेले तर खोलीला त्याचं कुलूप पडंल, न्हाई गेले तर हे एकटे. सासूबाईंना तर वॉर्डसुद्धा सापडत न्हाई. काय करू ते कळव. वहिनीला नमस्कार. तुमची माया हाय म्हणून उभी हाय.

तुझी,
रेश्मा

सातारा, १२ जून

चि. रेश्मास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी राग आला, मग मीच भ्यालो. तुझी वहिनी म्हणाली, सुभेदारसाहेब, मिशी पिळून काय व्हणार, कोर्टात जाऊन इचारा.

गेलो. तिथं मोफत सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई बसतात. म्हणाल्या, चावी सांभाळायला देणं म्हंजे ताबा देणं न्हवं. पण सामान एकदा बाहेर पडलं की परत आत शिरायला वर्षं जातात, आणि लोक नेमके सामान रस्त्यावर आल्यावरच वकिलाकडं येतात. तू आतच हायस हे ऐकून त्यांना बरं वाटलं. सांगलीच्या प्रीती वकीलबाईंना त्यांनी सांगितलंय, त्या बिनपैशात अर्ज घालतील.

खोली रिकामी सोडू नको, कशावर सही करू नको. रविवारी सकाळच्या एस.टी.नं वळकटी घेऊन येतोय. मी खोलीत बसतो, तू मिरजेला जा. माझ्या जेवणाची काळजी नको, पिठलं येतं मला. तुझ्यापेक्षा बरं येतं.

भ्या वाटलं तर वाटू दे, दार तेवढं सोडू नको. घरातल्या सगळ्यांचा जीव तुझ्यापाशी हाय.

तुझा,
नाथाजीदादा

मिरज, १९ जून

ती. दादास,
शि. सा. न.

खोलीवर टपाल येत राहिलं की ताबा आमचाच दिसतो असं प्रीतीबाई म्हणाल्या, म्हणून माझ्याच खोलीच्या पत्त्यावर तुला लिहितेय. ऑपरेशन झालं. काल ह्यांनी पायाची बोटं हलवली.

प्रीतीबाईंचा फोन आला व्हता. निकाल लागेपर्यंत आमाला काढायचं न्हाई असा कोर्टाचा हुकूम झालाय. मी आपणहून खोली सोडली, असं भरतेश सांगत व्हता. तर आक्काताईंनी कोर्टात त्याच्यासमोर सांगितलं म्हणे, तिनं मला पाणी घालायला चावी दिली, घर न्हाई दिलं. आता माय-लेकाचं बोलणं बंद हाय. माझ्यापायी झालं, वाईट वाटतं. आणि खरं सांगू, हुकूम झाला तरी भ्या गेलं न्हाई. दवाखान्यात कुणी दार जोरात लावलं तरी दचकते.

ह्यांना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ऑपरेशन झाल्यापासनं त्यांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता, मला वाटलं दुखतंय. आज पाणी पाजताना ह्यांनीच हळूच इचारलं, दादा अजून खोलीत हायत न्हवं? सासूबाईंकडनं कळलं असणार. मी व्हय म्हणाले. मग माझा हात धरला नि झोपले.

माया अशीच राहू दे.

तुझी,
रेश्मा