सव्वा महिना बार्शीत

९ फेब्रुवारी ४८, सोमवार

लायसन न्हाय दिलं! मल्लिनाथ धाराशिवहून तोंड पाडून आला. कचेरीतला कारकून म्हणे, "निजामाच्या मुलखातला रहिवासी पाहिजे. तू तर बार्शीत जन्मलास, हद्दीपल्याड." त्याला कसं कळलं? ह्या शहाण्यानंच सांगितलं!

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. म्हणून गेले बार्शीला. सव्वा महिन्यानं लेकरू घेऊन परंड्याला आले, ते आजतागायत इथंच. तेवीस वर्षं! ती मोजायची न्हायत, सव्वा महिना मोजायचा. काय वेशीवर बाळंत व्हायचं होतं?

लायसन न्हाय तर मालक लॉरी दुसऱ्याला देणार. पोरगा जन्मभर क्लीनर.

१२ फेब्रुवारी

पटवारी धुळाप्पाकडं गेले. "दाखला देतो नागम्मा. पण जबानी लागंल, बाळंतपण परंड्यातच झालं म्हणून. साक्षीदार आण."

सुईण रुद्रम्माला नेलं. म्हातारी बेरकी! "नाळ म्याच कापली," म्हणाली ठणकावून. बाहेर आल्यावर मला — "दुसरी असती तर लुगडं घेतलं असतं एवढ्या लबाडीचं!" लई हसलो.

मल्लिनाथ कुरकुरतोय. "अव्वा, खोटं कशाला? थांबू की थोडं."

"थांबून कुणाचं पोट भरलंय? गप बस."

सही केली. अंगठा न्हाय — सही! बार्शीच्या शाळेतल्या दोन यत्ता कामी आल्या.

२ मार्च

लायसन आलं! फोटोत चोरासारखा दिसतोय. महादेवापुढं ठेवलं.

१९ ऑगस्ट, गुरुवार

हुकूम आलाय. संस्थानचा रहिवासी आणि हातात लायसन, त्यानं कचेरीत हजर व्हायचं. शिपायांच्या लॉऱ्या चालवायच्या, हद्दीवर. तिथं रोज गोळ्या चालतात.

परमुलखातल्या ड्रायव्हरांना सोडलं. निघा म्हणाले. शेजारचा बंडप्पा सोलापूरचा — सकाळीच गेला, बायकोपोरं घेऊन.

२१ ऑगस्ट

कचेरीत जाऊन ओरडले. "पोरगा बार्शीचा हाय हो माझा! जन्म तिकडचा!"

कारकुनानं कागद काढला. बोट ठेवलं. "ही सही कुणाची, बाई?"

माझीच.

मल्लिनाथ लॉरीत बसलेला. "अव्वा, उन्हात उभी राहू नको. घरी जा."

४ सप्टेंबर

निरोप न्हाय.

२० सप्टेंबर, सोमवार

राज्य बदललं. कचेरीत कारकून नवा. मल्लिनाथला सदऱ्यावरनं ओळखलं — ठिगळ माझ्या हातचं.

"मयताचा जन्म कुठला, बाई?"

बार्शी म्हणाले.

ना दाखला मागितला, ना साक्षीदार. लगेच लिहून घेतलं.