एक अध्याहृत शब्द

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात, उरलेली तीन मनाने टेकली असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? नव्या घराला जिना नाही असं तुझ्या लेकीकडून कळलं, ऐकून बरं वाटलं. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझी भावजय खरोखरच क्षेम आहे. दुकानातला पुस्तकं दाबायचा दाब फिरवताना पूर्वीसारखाच कण्हतो, आणि हल्ली त्याला माझी साथ असते. दीड वर्ष झालं, तू पत्र पाठवलं नाहीस आणि मीही नाही. फोन करावा असं चारदा मनात आलं, पण तू ‘पानावर बघ’ एवढंच म्हणून ठेवून देशील ही धास्ती. आणि तू तसं म्हणालीस तर बघायला ते पानही आता उरलेलं नाही. तीच कथा सांगायला बसलो आहे. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

तुला आठवत असेलच (तुला सगळं आठवतं, आपल्या भांडणाचं मूळच ते), माझा मेहुणा दोन दिवसांचं कसलंसं शिबिर करून आला आणि त्याने आपल्या पुस्तकबांधणीच्या दुकानाकडे वैद्य आशा सोडण्यापूर्वी पाहतात तशा नजरेने पाहिलं. “भावोजी, तुमचं दुकान दिसतच नाही,” म्हणाला. मी म्हटलं, “अरे, तू दारात उभा आहेस.” तर म्हणे, “रस्त्यावर आता कोण बघतं? लोक फोनमध्ये बघतात.” मग त्याने फोनमध्ये आपल्या दुकानाचं पेज काढलं. मी त्याला पान म्हणतो. जन्मभर पानं शिवली, तेव्हा आणखी एक पान काय जड, असा माझा हिशेब. हे पान शिवता येत नाही आणि कोणत्या पुस्तकात ते बसतं हेही कळत नाही, हे नंतर उमगलं.

सुरुवातीला मात्र, खोटं कशाला बोलू, मी हुरळलो. एका जुन्या शब्दकोशाला नवी पाठ चढवली, त्याचं छायाचित्र टाकलं, तर दुपारपर्यंत दोनशे अनोळखी माणसांनी अंगठे दाखवले. (आपल्या लहानपणी अंगठा दाखवणं म्हणजे फजिती करणं होतं. शब्दांचे अर्थ बदलतात हे मी शिकलो होतो, पण इतके उलटतात हे शिकायचं राहिलं होतं.) लोक पानावर निरोप टाकायचे, पार्सलने पुस्तकं पाठवायचे. मेहुणा म्हणाला, आता दुकानाचा फोन कशाला हवा? तो काढला. मग म्हणाला, पाटीवर इतका मजकूर कोण वाचतो? तिच्यावरचं दुकानाचं नाव आणि नंबर पुसून त्याने झोकदार अक्षरांत ‘आम्हाला इथे शोधा’ आणि खाली पानाचं नाव रंगवलं. आणि मग तुझी वही.

इथे जरा थांबतो, कारण हा भाग लिहिताना पेन अडखळतं. तू प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता वहीत लिहायचीस, शेजारी एक शेरा (‘कान जड, बेल तीनदा’, ‘पुस्तक नवऱ्याच्या हाती देऊ नये’), आणि वहीतला क्रमांक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने घालायचीस. मग त्यावर मी अस्तराचा कागद चिकटवायचा. मी तुला विचारलं होतं, की जो आकडा कुणालाच दिसणार नाही तो घालायचा कशाला? तू म्हणालीस, “दिसायला नाही घालत, सापडायला घालते.” मी हसलो. मेहुण्याच्या देखत हसलो. वर म्हणालो, “ताई, आता सगळं पानावर असतं, वही रद्दीत दे.” तू पेनाला टोपण लावलंस आणि ‘बरं’ म्हणालीस. तुझं ‘बरं’ मी लहानपणापासून ओळखतो. तरीही तुला जाऊ दिलं.

असो. आता पान कसं गेलं ते ऐक. मेहुण्याचा आग्रह, की रोज काहीतरी चुरचुरीत लिहायचं. तू जाणतेस, मला श्लेषाचा मोह आवरत नाही. एका सकाळी मी लिहिलं: ‘तुमच्या घरात म्हातारं, जीर्ण, पाठ मोडलेलं कुणी कोपऱ्यात पडून आहे का? आमच्याकडे आणा. जुनं कातडं सोलून काढू, कडा कापून सारख्या करू, सुईने नीट शिवू आणि दोन दिवस दाबात ठेवू. घरी नेल्यावर ओळखू येणार नाही!’ यात ‘पुस्तक’ हा शब्द मी मुद्दाम अध्याहृत ठेवला, म्हणजे लिहायचा नाही, वाचणाऱ्याने समजून घ्यायचा. ज्याला पुस्तक म्हणून सांगावं लागतं, त्याला पुस्तकाचं प्रेम काय असणार, असा माझा तोरा. छायाचित्र जोडायचं होतं, तेवढ्यात पुठ्ठे चिकटवायची खळ उतू गेली आणि ते राहिलं.

संध्याकाळपर्यंत चार हजार लोकांनी ते वाचलं. मी तुझ्या भावजयीला म्हणालो, “बघ, रसिक अजून आहेत.” ती म्हणाली, “खालचं वाचलंत का?” खाली एका बाईंनी विचारलं होतं, की सासूबाईंना घेऊन कधी येऊ? ही विनोदबुद्धी. पण दुसऱ्या एका गृहस्थांना ती नव्हती आणि यंत्राला तर कुठून असणार? दुसऱ्या दिवशी पान बंद. कारण दिलं होतं: वृद्धांवरील हिंसेस प्रोत्साहन.

मी दाद मागितली. सविस्तर लिहिलं, की शब्दाला अभिधा असते तशी लक्षणाही असते, ‘पाठ’ ही पुस्तकालाही असते, आणि ‘कातडं’ हे सासूबाईंचं नसून बांधणीचं आहे. दोन पानी निवेदन झालं. चौथ्या सेकंदाला उत्तर आलं, की आपलं म्हणणं काळजीपूर्वक वाचून फेटाळण्यात आलं आहे. पुन्हा दाद मागितली, तर मी माणूस आहे हे सिद्ध करायला सांगितलं. जिन्यांची चित्रं निवडायची होती. एका चित्रात शिडी होती. शिडीला जिना म्हणावं की नाही यावर मी विचार करत बसलो आणि वेळ संपली. पन्नाशी उलटल्यावर माणूस असल्याच्या परीक्षेत नापास झालो, ताई. मेहुण्याला बोलावलं. तो म्हणाला, “भावोजी, मी तर म्हणत होतो, सगळं एकाच ठिकाणी ठेवू नका.” हे तो कधी म्हणत होता, ते त्याच्या पानावर असेल.

बांधणीवाल्याच्या हातून पान हरवणं यापरती नामुष्की नाही, हे आपण बाबांच्या हाताखाली शिकलो. आणि माझं असं पान हरवलं की त्याबरोबर सगळी गिऱ्हाइकं, त्यांचे निरोप, त्यांचे पत्ते गेले. परवा एक गृहस्थ दाराशी आले. बगलेत जाडजूड पुस्तक. त्यांनी पाटी वाचली, फोन काढला, शोधलं, आणि ‘असं काही अस्तित्वात नाही’ हे वाचून काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी आत सुई हातात धरून उभा, सशाच्या शिंगाइतकाच खरा. मी हात हलवला. त्यांनी पुन्हा फोनकडे पाहिलं आणि ते निघून गेले.

हेही सोसलं असतं. दुकानात नऊ पुस्तकं अडकली होती. आठांचे मालक शोधत, ओरडत आले आणि घेऊन गेले. नववी, हाताने लिहिलेली एक वही आहे. ‘निळी छत्री’ अशा टोपणनावाच्या एका मुलीने पार्सलने पाठवलेली. (पाकिटावर पत्ता असणार. पाकीट मी त्याच दिवशी खळीच्या भांड्याखाली अंथरलं. त्याचा लगदा झाला.) तिने पानावर लिहिलं होतं: ‘काका, ही आईची वही आहे. आजारपणानंतर आई बोलत नाही. संध्याकाळी यातलं वाचून दाखवलं की ओठ हलवते. पानं सुटताहेत. जरा लवकर द्याल का?’ मी ‘आठ दिवसांत’ असं लिहिलं. सातव्या दिवशी पान बंद झालं. त्याला आता सव्वा महिना झाला.

दुसऱ्याचं लिहिलेलं वाचू नये हे मला कळतं, पण पत्ता शोधायला मी ती वही उघडली. पत्ता नाही, नाव नाही. आईने लेकीचे पहिले शब्द लिहून ठेवलेत, तारीखवार. ‘आज चंद्राला दिवा म्हणाली.’ ‘आज चपलेला ये ये म्हणून हाक मारली.’ ‘आज दिवसभर नाही नाही, शेवटी झोपताना हो.’ मी पन्नास पानं पत्ता शोधला, ताई. वही बांधून तयार आहे, माझ्या हातून इतकी चांगली शिवण कित्येक वर्षांत झाली नव्हती. आणि ती पोर रोज संध्याकाळी आईसमोर रिकाम्या हातांनी बसत असेल, आणि वहीसकट पळालेल्या काकाला काय काय म्हणत असेल. जे म्हणत असेल ते बरोबरच असणार.

असो. प्रकृतीला जप. लेकीला आशीर्वाद.

तुझा,
(पाच अंगांनी नम्र) धाकटा

ता. क. त्या मुलीच्या वहीचं जुनं कव्हर टाकून द्यायला पेटीत टाकलं होतं, ते काल काढून पाहिलं. अस्तराचा कागद ओला करून सोडवला, तर मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने ४१२. दोनाचा आकडा बसलेल्या बदकासारखा, म्हणजे तुझाच. ही वही तीस-एक वर्षांपूर्वी आपल्याच दुकानात बांधली गेली होती आणि ती आई स्वतः आली असणार. तू तुझी वही रद्दीत दिली नसशील, अशी माझी आशा आहे. (खरं तर आशा नाही, खात्री आहे, जाताना तुझी पिशवी मी पाहिली होती.) ४१२ समोर काय लिहिलं आहे, तेवढं उलट टपाली कळव. शेऱ्यासकट.

ता. क. २. मेहुणा म्हणतो, दुसऱ्या एका नव्या ठिकाणी पान काढू. मी ठाम नकार दिला. (काढलं आहे. पण त्यावर फक्त दुकानाचा पत्ता आहे आणि ‘पुस्तक’ हा शब्द सात वेळा.) पाटीवर मी खडूने दुकानाचं नाव लिहिलं आणि खाली ‘आत माणूस आहे’.

ता. क. ३. त्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर नवं अस्तर लावलं, पण एक कड चिकटवायची ठेवली आहे. तिथे नवा क्रमांक घालायला हवा आणि शेवटचा क्रमांक कोणता झाला होता, ते मला ठाऊक नाही. पेन्सिलीला टोक करून तुझ्या मेजावर ठेवली आहे. पुढचं तू समजून घेशीलच.

नाही. पुन्हा तीच खोड. शब्द अध्याहृत ठेवून एकदा दुकान घालवलं, आता लिहूनच टाकतो: चुकलो, ताई. वही घेऊन परत ये.