तुझे बूट मी घालून गेलेय

उठलास की दारात बूट शोधत बसू नकोस, मीच घालून गेलेय. बाळंतपणानंतर माझे पंजे रुंद झालेत, जुने बूट करंगळीला चावतात. तुझे टाचेत ढिले आहेत, पण बोटं मोकळी राहतात. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हाच माप नीट कळतं, म्हणून नवे बूट घ्यायला आत्ता निघाले. तुझ्या रात्रपाळीआधी येतेच.

छकुली दूध पिऊन झोपलीय. पालथी होऊ देऊ नकोस. रडली तर उचलून बोलत राहा, तुझा आवाज तिला अजून नवा आहे.

दुकानदार विचारेल, रोज किती चालता? पाळण्यापासून ओट्यापर्यंत, एवढंच सांगता येईल. नवे बूट मिळाले तर उद्यापासून तू कामावर निघताना कोपऱ्यापर्यंत आम्ही दोघी सोबत येऊ का?