माहिती देणार: सासू

इंदूर,
मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४

चि. तन्वी,

आशीर्वाद लिहायचा हक्क मला उरलेला नाही, तरी लिहिते.

गेल्या गुरुवारी एका डॉक्टरांनी मला विसरण्याचा आजार असल्याचं कागदावर लिहिलं. ‘माहिती कोणी दिली’ या रकान्यात ‘मुलगा’ असं आहे. त्यामुळे हे पत्र लिहिणं भाग पडलं.

बेटम्याला, तुझ्या माहेरी, थंडी जास्त असेल. बाबा बरे आहेत ना? तुझा हात ठणकत असेल तर शेकत जा.

आता मुद्द्याचं. तुझ्या केसमध्ये पाच डिसेंबरला मला साक्षीला बोलावलं आहे. समन्स आलं त्या दिवशी उन्मेष म्हणाला, “आई, एकच लाइन बोलायची. तन्वी बाथरूममध्ये स्लिप झाली. बस, खतम.”

मी म्हटलं, “मी जे पाहिलं ते सांगेन.”

तो हसला. “काय पाहिलंस? तुला तर कालची भाजी याद नसते.”

दुसऱ्या दिवशी माझा फोन रिपेअरला गेला, तो अजून आलेला नाही. जेवणानंतरच्या गोळ्यांत एक पिवळी गोळी वाढली. “बीपीची आहे, घे ना.” त्या गोळीने मी सकाळी दहापर्यंत उठत नसे, उठले की भिंत धरून चालत असे. अशा अवस्थेत त्याने मला त्या डॉक्टरांकडे नेलं.

“माताजी, आज कौन सी तारीख है?”

माझी जीभ उचलेना. उन्मेषच बोलला, “डॉक्टरसाहब, इनको तो ये भी पता नहीं कि खाना खाया या नहीं. गैस खुली छोड़ देती हैं.” अगदी मऊ आवाजात, माझ्या खांद्यावर हात ठेवून. डॉक्टर लिहीत गेले. सदतीस वर्षं मी मुलींच्या वह्या तपासल्या. माझ्याबद्दलचं एक वाक्य मला खोडता आलं नाही.

तेव्हा तू आठवलीस. त्या दिवशी दवाखान्यात स्ट्रेचरवर तू अशीच गप्प होतीस आणि मी बोलत होते.

तुझ्या दंडावरचे वळ पाहून त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ‘मारहाणीची शंका’ असं लिहिलं होतं. म्हणाल्या, “आंटीजी, ये गिरने की चोट नहीं लगती.” मी म्हटलं, “आप डॉक्टर हैं कि थानेदार? काटिए इसे.” त्यांनी एका रेघेने ते खोडलं, शेजारी सही केली, वेळ टाकली आणि खाली मी सांगितलं तसं लिहिलं: बाथरूममध्ये पाय घसरला. माहिती देणार: सासू. मी ते नीट वाचून सही केली.

उन्मेषचे वकील तोच कागद आज तुझ्याविरुद्ध दाखवत आहेत. रेघेखालचे शब्द अजून वाचता येतात. पण त्या डॉक्टरीणबाई नोकरी सोडून कुठे गेल्या, कोणाला ठाऊक नाही. रेघ का मारली गेली हे सांगणारी मी एकटीच उरले आहे. आणि मला विसरण्याचा आजार आहे.

मी बाथरूमच्या आसपासही नव्हते. तुमच्या खोलीच्या दारात होते. त्याने तुझा हात पिरगाळला तेव्हा तू “आई” म्हणून ओरडलीस. तुझी आई तर लग्नाआधीच गेली. ती हाक मला होती. मी दार ओढून घेतलं.

शुक्रवारपासून मी पिवळी गोळी गालात धरते आणि नंतर कागदात बांधते. आज बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता. उन्मेष मला सोडून गेला, एक वाजता घ्यायला येईल. दाखला देऊन मी ऑटोने तुझ्या वकील नीरजाबाईंच्या ऑफिसात आले. त्यांनी इथल्याच इमारतीतल्या एका डॉक्टरांकडून माझी तपासणी करवली. तीसपैकी एकोणतीस. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले, ते “बस, बस” म्हणेपर्यंत मी दोनवर पोहोचले होते. एक मार्क गेला तो हा कितवा मजला या प्रश्नावर. घाईत जिने मोजले नव्हते.

नीरजाबाई म्हणतात, “काकू, परत जाऊ नका. तन्वीला फोन लावून देऊ?” दोन्हीला नको म्हटलं. मी बँकेच्या दारात दिसले नाही, तर तो आधी बेटम्याला येईल. आणि हे लेखीच हवं. हे पत्र कोर्टात दाखल कर.

पाच तारखेला मी आले नाही, तर मला काय झालं हे उन्मेषच्या तोंडून कोणत्याही कागदावर चढू देऊ नकोस. माझं रक्त तपासायला लाव.

क्षमा साक्षीनंतर मागेन, वेळ मिळाला तर.

सुमन

आज दुपारी १२.३५ वाजता अ‍ॅड. नीरजा यांच्या हाती दिलं:

हे पत्र, प्रत्येक पानावर सही. गुरुवारच्या कागदाची झेरॉक्स. आजच्या तपासणीचा मूळ अहवाल. पिवळ्या गोळ्या चार, प्रत्येकीच्या पुडीवर तारीख.

तन्वीच्या हाताच्या एक्स-रेची मूळ फिल्म. दवाखान्यातच हरवली असं मी सांगितलं होतं. ती माझ्या कपाटात होती.